नाचणारे दोन आकडे

सोमवार, ४ मार्च. सकाळी ९.१०
गुरुवारी तपासनीस येणार. वीज मोजणाऱ्या मल्टीमीटरचं वाचन स्थिर दिसलं तर उपकरणांच्या अचूकतेच्या दाखल्यांवर सही करायचा अधिकार माझ्याकडे राहील, नाहीतर शेजारच्या टेबलवरच्या बाईंकडे जाईल. बारा वर्षं सही करतोय. शेवटचे दोन आकडे नाचतायत. बाहेरचा विद्युत गोंगाट. मी शांत आहे.

दुपारी ३.००
बाई म्हणाल्या, सर, दोन्ही तारा एकमेकींना पीळ देऊन ठेवा आणि तुमचा मोबाइलचा चार्जर लांब न्या. इतकं सोपं असतं तर मला सुचलं नसतं? हा अहंकार तर नव्हे? प्रामाणिकपणे विचार केला. नव्हे.

मंगळवार, ५ मार्च
पंखा, ट्यूबलाइट, फ्रिज बंद. चार्जर राहू दिला, तपासनिसांचा फोन आला तर? फ्रिजमध्ये डबे ठेवणाऱ्या सहकाऱ्यांनी दारात उभं राहून, मला ऐकू येईल असं विचारलं, यांचं घरी काही चालत नाही का? घामाघूम. आकडे नाचतायतच.
घरी मिक्सर बंद करायला लावला. बायको म्हणाली, अहो, मीटर ऑफिसात आहे ना? सवय लागावी म्हणून, असं सांगितलं.

बुधवार, ६ मार्च. दुपारी ४.४०
शेवटच्या आकड्यांवर चिकटपट्टी लावायचा विचार मनात आला. स्वतःचा धिक्कार केला. तारा जोडलेल्याच ठेवून मीटर फडक्याने पुसला आणि 'हात लावू नये' अशी पाटी त्याच्या कोपऱ्यावर चिकटवली. आणि यश! चाळीस मिनिटं आकडा हलला नाही. बाई म्हणाल्या, इतकं स्थिर बरं नसतं हो, एकदा तारा काढून बघा. मत्सर. क्षमा केली.

गुरुवार, ७ मार्च
माझे उपाय तपासनिसांनी वीस मिनिटं ऐकले. मग एक तार उपटली. आकडा तसाच. दुसरी उपटली. तसाच. चष्मा वर करून म्हणाले, हे वाचन नक्की कशाचं?
पुसताना होल्डचं बटण दाबलं गेलं होतं. आकडा कालपासून गोठलेला. पडद्याच्या कोपऱ्यातलं बारीक 'होल्ड' माझ्या पाटीच्या चिकटपट्टीखाली.
बटण सोडलं, तारा पुन्हा जोडल्या. नाच सुरू. बाईंनी चार्जर उचलून लांब ठेवला, तारांना पीळ दिला. आकडा थांबला. पंखा चालू होता.

शुक्रवार, ८ मार्च
सही आता बाईंची. पहिला दाखला त्यांनी मला तपासायला दिला. चूक नाही. दोनदा शोधली.
पाटी काढायचा हुकूम आहे. चिकटपट्टी घट्ट बसली आहे. सकाळपासून नखाने खरवडतोय.