पेशी हजार झाल्या की पाहून घेतो

१२ मार्च, सकाळ ९
आजपासून लिहिणार. मारामारीचा प्लॅन नुसता डोक्यात ठेवला तर तापात उडून जातो.

चंद्रपूरचा दवाखाना. काचेची खोली, एक पलंग, न उघडणारी खिडकी. रक्ताचा कॅन्सर, केमो झाला. औषधाने पांढऱ्या पेशी पार बसल्या. त्या वाढेपर्यंत कोणी आत यायचं नाही, मी बाहेर जायचं नाही. डॉक्टर म्हणाले हजार झाल्या की सोडू. आज १५०.

माझ्या मनातल्या रंजीताचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, त्या अंकुशशी ठरलं आहे. एप्रिल एंडला. म्हणजे टाइम भरपूर. मार्चमध्ये हजार, एप्रिलमध्ये अंकुशचे दात.

१३ मार्च
प्लॅनसाठी ब्लेड मागितली. दीपाली सिस्टर म्हणाल्या, मिळणार नाही, प्लेटलेट कमी आहेत, कापलं तर रक्त थांबायचं नाही. दात घासायला ब्रश दिला तोही बारक्या पोराचा, मऊ. या ब्रशने दात घासणाऱ्याने दुसऱ्याचे पाडायचे.

१४ मार्च, दुपार
प्रॅक्टिस सुरू. भिंतीला अंकुश समजून एक ठोसा दिला, पूर्ण ताकदीचा.
भिंतीला काही नाही. हात वांग्यासारखा निळा. नाकातून रक्त, ते का ते कळलं नाही, नाकाला कोणी हात लावला नव्हता. अर्धा तास बर्फ, मग प्लेटलेटची पिशवी. सिस्टरने विचारलं काय झालं. पडलो म्हटलं. त्या म्हणाल्या, भिंतीवर?

१६ मार्च
ताप १०२. पेशी ९०. कमी झाल्या. मशीनमध्ये गडबड असेल.

पडल्या पडल्या हिशोब केला, अंकुशला एवढं काय आहे. वनरक्षकाची नोकरी, आलापल्लीला पोस्टिंग, चारचाकी. त्या भरतीत मीही धावलो होतो. शेवटच्या राउंडला दम लागून खाली बसलो, ते शूजमुळे. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये तो रंजीतासोबत नाचला तेव्हा मी खुर्ची फेकली होती. नेम बरोबर होता, साउंडवाला मधे आला. त्यानंतर मी कॉलेज सोडलं. प्राचार्य म्हणतात काढलं. शब्दांचा फरक.

१८ मार्च, संध्याकाळ ५
आज रंजीताचा फोन. स्वतःहून!!

झालं असं. बाबा कॅन्सर हा शब्द जिभेवर आणत नाहीत. पानठेल्यावर कोणी विचारलं तर सांगितलं, पोराच्या पेशींचं चालू हाये चंद्रपूरले, वेगळ्या खोलीत ठेवला, भेटू देत नाई. आता आमच्याकडे पेशी म्हणजे कोर्टाची तारीख. संध्याकाळपर्यंत गावभर, की गुणवंतरावचा दिनेश आत गेला.

तिने विचारलं, "खरं सांग दिनेश. कोणाले मारलं तू?"

सांगणारच होतो. पण समोर काचेत मी दिसलो. डोक्यावर केस नाहीत, भुवया नाहीत.
"हाफ मर्डर," म्हटलं. "राजुऱ्याचा होता एक."

तिने विचारलं, कधी सोडतील. म्हटलं, पेशींवर आहे, हजार झाल्या की.
"हजार पेशी?" आवाज कापत होता तिचा. प्रेमाने.

जाता जाता अंकुशलाही सांग म्हटलं, पुढचा नंबर त्याचा. आज जेवण गेलं. दोन चमचे.

२१ मार्च
पेशी ३१०. वाढवायचं इंजेक्शन चालू आहे, त्याने हाडं अशी ठणकतात की कोणी आतून कुऱ्हाड चालवून राह्यलं. जीव जातो की काय वाटलं. रागात सलाइनच्या स्टँडला लाथ मारली. स्टँडला चाकं असतात. तो गेला, मागे नळी गेली, नळीमागे मी. सिस्टरने पलंगाला ‘पडण्याचा धोका’ असा पिवळा बोर्ड लावला. धोका कोणाला ते लिहिलं नाही. मी समजलो.

२३ मार्च, दुपार १२
माय आली. ती काचेपलीकडे, मी अलीकडे, मधे फोन. माझ्यासाठी उकळून उकळून लाखोळीचं वरण पाठवलं होतं, स्टीलच्या डब्यात.

म्हणाली, रंजीताचं साक्षगंध अलीकडे आणलं, २७ लाच आहे. काऊन म्हटलं. तर तिच्या बापाने सांगितलं म्हणे, तो पोरगा सुटाच्या आत उरकून टाकू, मारून-बिरून टाकन कोणाले. पोरगीच भेली, तिनेच लवकर करा म्हटलं.

डबा उचलला आणि फेकला. काचेवर. काच फुटली नाही, वरण सगळीकडे. पलीकडे मायने डोळे मिटून घेतले होते, हात तोंडावर. मारताना मी असा दिसतो तर.

तिने डोळे उघडून आधी माझ्या हाताकडे पाहिलं, कापलं काय म्हणून. मग म्हणाली, "मी सांगतो तिले खरं काय ते. चोर नाई माझा पोरगा. बिमार हाये."

सांगू नको म्हणून ओरडलो. फोन तिने ठेवला होता.

२४ मार्च
मायने आठवडी बाजारात गाठून सांगितलं. रंजीताचा फोन आला. रडत होती.
"आधी सांगतलं असतं तर मी आलीच असती ना रे भेटाले."
एकटी?
नाक ओढत म्हणाली, "नाई. अंकुशसंगच. त्याच्याजवळ गाडी हाये."
रागवायला पाहिजे होतं. उशी जवळच होती, उचलली पण. परत ठेवली. अशक्तपणा असेल.

२५ मार्च
पेशी ७२०. प्लॅन बदलला. अंकुशला मारणार नाही. नुसतं जाऊन समोर उभं राहायचं. डोळ्यात पाहायचं. पुरे आहे.
पलंगापासून दारापर्यंत दोनदा चाललो. दुसऱ्यांदा येताना बसलो मधेच.

२६ मार्च, सकाळ १०
पेशी ११४०. डॉक्टर खूश. हाडातून पाणी काढून तपासलं होतं, तेही चांगलं आहे म्हणाले. दुपारी घरी जा.

उद्या २७. मी विचारलं, दोन दिवसांपुरत्या कमी दाखवता येतील काय. ते हसले. दीपाली सिस्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, सिरोंच्याची एक बाई सकाळपासून या खोलीसाठी बसून आहे.

साडेअकरा
मायचा फोन. रंजीताचा बाप घरी येऊन गेला. आमची चूक झाली म्हणाला. उद्या दिनेशले आणा, त्याच्यासाठी मांडवात वेगळी खुर्ची ठेवतो, अंकुश स्वतः गाडी घेऊन येईन घ्यायले. बाबांनी हो म्हटलं.

दुपार १
सिस्टरने कागद समजावले. मास्क कायम. कच्चं खायचं नाही. महिनाभर गर्दीत जायचं नाही. लग्न, साक्षगंध, बारसं, काहीच नाही.
म्हटलं, सिस्टर, हे लेखी द्या.