टेबलाची उंची

ता. ९ नोव्हेंबर, दुपार

प्रिय धाकटे,

आशीर्वाद. मी बरी आहे. तुझे गुडघे कसे आहेत? तीन वर्षांनी माझं अक्षर पाहून घाबरशील, म्हणून आधीच सांगते, कोणी आजारी नाही. गोधड्या शिवायला मशीन घेतलं, एवढीच बातमी.

दुकानदाराने आधी खोलीभर चौकटीवर गोधडी ताणून शिवणारं मशीन दाखवलं. म्हटलं, "हे आत आलं की मी जिन्यात झोपू का?" मग वापरलेलं एक निघालं, माझ्या ऐपतीतलं. सुईच्या उजवीकडे वीतभर मोकळी जागा आहे. गुंडाळलेली गोधडी सहज सरकते. जुन्यावर ती कोंबताना तू किती करवादायचीस.

नवं टेबल परवडेना, म्हणून जेवणाच्याच टेबलाला सुताराकडून खाच पाडून घेतली. मशीन आत बसलं, वर सगळं सपाट. डावीकडे फळी जोडली. गोधडीचं ओझं आता फळीच पेलते, दुसरं टोक धरायला माणूस लागत नाही. जेवते मी ओट्यापाशी उभ्यानेच.

टेबलाचे पाय कापायचे होते. सुताराने विचारलं, "बसल्यावर कोपर जमिनीपासून किती?" मी न मोजता सांगितलं, सत्तावीस इंच. कापून झाल्यावर बसले, तर खांदे कानाला लागले.

"ताई, माप कुणाचं दिलंत? अजून दोन इंच कापतो."

"नको. उशी घेईन."

"मग पाय पॅडलला पोचायचे नाहीत."

"राहू दे रे."

तो हसत गेला. तोंडात आलं ते तुझ्या कोपराचं माप होतं. मला सरळ शिवण कधी आली होती?

आता लिहूनच टाकते. जुनं मशीन तू नोकरीच्या गावी गेलीस त्याच आठवड्यात मी विकलं. 'तुझ्यावाचून माझं अडत नाही' म्हणाले होते ना, ते खरं करून दाखवायचं होतं. आईने ते तुला दिलेलं. 'पाठवून दे' अशी तुझी दोन पत्रं आली. कोणत्या तोंडाने उत्तर देणार होते?

हे मशीन तुझं. हवं तर टेबलासकट पाठवते. नाहीतर आठ दिवस येऊन जा. फळीला बिजागऱ्या लावून घेतल्यात. माणूस असला की ती खाली सोडता येते.

दुसरं टोक धरायला बसलेली,
तुझी ताई