पाय धरायचा शब्द

जर्मनी, रविवार

माय,

तुले अन् बाबाले पिंकीचा जय भीम. मी बरी हावो. थंडी लय आहे, पण तू शिवलेलं जाकीट पुरून राहिलं.

नर्सच्या परीक्षेचं तू इचारशीनच. पास नाही झाली.

इथं शब्दाले शब्द जोडून इतका लांब करतात का ओळीत मावत नाही. ब्लाउज उसवतानी तू आधी शिवण पाहते, तशी मी वर्षभर शब्दाची शिवण पाहत बसली. पेपरात शब्द आला, 'बाइनहाल्टेट'. बाइन म्हंजे पाय, हाल्टेन म्हंजे धरणं. मले वाटलं, लकवा झालेल्या पेशंटचा पाय कसा धराचा ते इचारून राहिले. दोन पानं लिहिली. एक हात टाचेखाली, एक गुडघ्याखाली, बाबाचा धरत होती तसाच.

पण शिवण तिथं नव्हतीच. 'बे-इनहाल्टेट' असा तोडाचा होता. म्हंजे, या कामात काय काय येते.

पेपर तपासणारी मॅडम म्हणे, लिहिलं सारं बरोबर, पण हे इचारलंच नव्हतं. तिचेच पाय धरावं वाटलं. परीक्षा दोनदाच देता येते, ही दुसरी होती. आता नर्स म्हणून घेत नाहीत. उन्हाळ्यात परत या लागन.

जठारपेठेतल्या तुह्या गिऱ्हाइकाईले इतक्यात सांगू नको. तुही कंबर कशी आहे? फोनवर तू ते टाळतेच.

अन् एक खरं सांग. बाबाले कुशीवर वळवतानी पाय कोण धरते आता?

तुही,
पिंकी