बारोलोचा वास

३ ऑक्टो., शुक्र.
इथे आखातात, गाला भागातल्या चर्चमध्ये मिस्सा. धूपदान अगदी जवळून गेलं. धूर दिसला, वास नाही. तापातून उठून अठरा दिवस झाले. डॉक्टर म्हणाले, "येईल परत, इन्शाल्ला." हॉटेलात फक्त फ्रान्सिसला माहीत. बारमध्ये असतो, वसईचाच.

५ ऑक्टो.
जर्मन पाहुण्यासाठी बारोलो ही लाल वाइन उघडली, वीस वर्षांची. ग्लासात कडेचा रंग विटकरी झालेला, छान. ग्लास नाकाशी धरला, तर नुसतं पाणी. एरवी आधी सुकलेला गुलाब, मग डांबर, होडीला लावतात तसं. फ्रान्सिसने मागून हुंगून मान डोलावली, मगच दिली.
"इनासभाऊ, नाक बंद, तोंड तर उघडं आहे ना? घ्या घोटभर."
हसलो. दारू न पिण्याची शपथ त्याला ठाऊक आहे. बाबा दारूने गेले त्या दिवशी आईपुढे घेतलेली. सोळा वर्षं पाहुण्यांना वाइन निवडून देण्याच्या कामात, जिभेवर थेंब नाही. सगळं नाकावर.

८ ऑक्टो.
फ्रान्सिसची सुट्टी. एक नवरा-बायको, लग्नाला पंचवीस वर्षं, म्हणून बारोलो. रंग बघून म्हणालो, "उत्तम आहे." बाईंनी दोन घोटांनंतर ग्लास सरकवला. नवरा तिला म्हणाला, "जुनी अशीच लागते." मीच सांगितलं होतं त्याला.

९ ऑक्टो.
उरलेली फ्रान्सिसला दाखवली. "भाऊ, गेलीय ही. ओल्या पुठ्ठ्यासारखी." ते दोघे सकाळीच निघून गेले होते.
नवी असताना तोंड सुकवते, कच्च्या सुपारीसारखी; वयाने मऊ होते, असं लोकांना सांगत आलो. ते नाकाला कुठे कळतं? दुसऱ्यांनी सांगितलेलं.

१० ऑक्टो., शुक्र.
पापकबुली दिली. फादर म्हणाले, "कामासाठी चाखणं म्हणजे पिणं नव्हे. शपथेतून मोकळं होता येतं." आई असती तर तिलाच विचारलं असतं.
वसईहून बायकोचा, रीटाचा फोन. "अहो, घोट घ्या नि थुंका. चाखणारे थुंकतातच ना?" मग तीच म्हणाली, "आईंचा हात धरून बोलला होतात ना तुम्ही?"

११ ऑक्टो.
त्या पाहुण्यांची तक्रार आली. मॅनेजर : "उद्या सकाळी अकरा वाजता जुन्यातली एक बाटली माझ्यासमोर उघडायची. तू चाखून सांगायचं." नाक गेल्याचं कळलं, तर घरी पाठवतील. पन्नाशीत दुसरीकडे कोण घेणार?

१२ ऑक्टो.
पावणेअकरा, तळघरात. बाटली उघडली, ओतली. कड विटकरी. तीनदा नाकाशी धरली. काही नाही. फ्रान्सिस माझ्याऐवजी हुंगायला आला होता, त्याला वर जायला सांगितलं. क्रूसाची खूण केली. ग्लास समोर आहे. मॅनेजरची लिफ्ट खाली येतेय.