उलट्या छापाचं तिकीट

१२ मार्च

तू गप्प बस! कोरं पान आहेस, कोरंच राहा. मी काकूला काही सांगणार नाहीये.

झालं असं — रविवारच्या प्रदर्शनासाठी मी तिची रेव्हेन्यू तिकिटं पानांवर लावतेय. परक्या सरकारच्या काळातली. टपालाच्या तिकिटावर काळ्या शाईत ‘रेव्हेन्यू’ छापलं की ते पावतीला चालायचं. एकावर तो छाप उलटा पडलाय. संग्रहाचा राजा! लग्नानंतर काकांनी कुठूनसं मिळवून दिलेलं.

आज भिंग धरलं. टपालाचा शिक्का छापाच्या खाली! म्हणजे आधी ते कुणीतरी पत्रावर वापरलं, मग केव्हातरी हा छाप मारला. नकली. शंभर टक्के.

काकूला एवढी वर्षं दिसलं नसेल? लाडाच्या वस्तूकडे भिंगातून कोण बघतं!

परीक्षक बघणार ना पण.

१३ मार्च

सांगायला गेले. काका समोरच पेपर वाचत होते. काकू म्हणाली, “उलटा छाप मधोमध लाव हं!” लावला.

१४ मार्च

काकांनी गॅलरीत गाठलं. छापखान्यात आयुष्य गेलेला माणूस, रुमाल पिळत उभा.

“त्या पानावर चहा सांडेल का गं तुझ्या हातून? चुकून?”

“काका! तुम्ही केलंत ते?”

“उलट्या छापासाठी उन्हातान्हात जुना बाजार धुंडाळायची ती. मिळेना. मला बघवेना. मग बसलो छपाईचे खिळे जुळवून, आणि मारला छाप. आता चारचौघांत तिचं हसं होईल — माझ्यामुळे.”

मला हसू आलं. मग नाही आलं.

१५ मार्च

चहा सांडवला नाही माझ्याने.

१६ मार्च, प्रदर्शनाच्या हॉलमध्ये

काकूने दारातच ते पान काढून माझ्या पिशवीत सरकवलं. “काकांना सांग, जागा कमी पडली.”

“तुला माहीत होतं?”

“अगं, दिलं तेव्हा बोटांना शाई होती त्यांच्या!”

“मग मधोमध कशाला लावायला लावलंस?”

“ते बघत होते ना.”

मी पिशवीची चेन लावली. तीच म्हणाली, “खरं तिकीट मिळालं होतं गं मला एकदा. हातात घेऊन बघितलं, दिलं परत. ते आणलं असतं तर यांचं कुठे ठेवायचं?”

काका येतायत फाटकातून, घामाघूम. आता त्यांना थाप मारायची मी! तू काही बोलू नकोस. चालले.