शेंगतेल लावलेले ब्रेक

कसबा बावडा,
४ जानेवारी १९७९

ती. मामांना जावई कृष्णातचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

मलकापुरात थंडी जोरात असेल. मामींचा खोकला कसा आहे? म्हशीला रेडी झाल्याचं कळलं, बरं वाटलं. इकडे तुमची लेक बायडाबाई खुशाल आहे. इतकी खुशाल, की कधीकधी मला तिचीही भीती वाटते. मी मात्र ठीक नाही. दुखत काही नाही. भ्यालोय.

तुमचं कार्ड मिळालं. संक्रांतीला पिकअप घेऊन या, घरची अकरा माणसं घालून आंबा घाट उतरू आणि मार्लेश्वराची जत्रा करू, असं तुम्ही लिहिलंय. मी ते कार्ड देवापुढं ठेवलं आणि तिथंच खाली बसलो. त्या अकरा जणांत मामी आहेत, तुम्ही आहात, आणि सगळ्यांना घेऊन घाटाच्या वळणावर मी आहे. तेव्हापासून जेवण जात नाही. बायडाबाई म्हणते पोटात जंत झाले असतील.

आता खरं सांगायलाच पाहिजे. गेल्या सोमवारी बाजारात भाजी टाकून परत येत होतो. कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या गाड्यांची ही रांग. मी आपला दुरूनच ब्रेक दाबला, तर पेडल चिखलात पाय घातल्यासारखं खाली गेलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. पिकअप बैलगाडीच्या चालीनं पुढं सरकत राहिली (जोरात गेली असती तर निदान डोळे तरी मिटले असते) आणि शेवटच्या बैलगाडीतल्या उसाला टेकून थांबली. काच तडकली. उसाची मोळी माझ्या नाकासमोर. गाडीवान शांतपणे उतरला आणि म्हणाला, "पावणं, ऊस पायजे हुता तर मागून घ्यायचा की." माझ्या तोंडातून शब्द फुटेना. लोकांना वाटलं पावणा मुका आहे, म्हणून त्यांनी दोन कांड्या हातावर ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी उद्यमनगरात बाबालाल मिस्त्रीकडं गेलो. बायडाबाईही आली, कारण मी एकटा गाडी नेईन असं तिला वाटेना. बाबालालनं पुढचं चाक काढलं. चाकापाशी लोखंडी नळी संपते आणि वीतभर रबरी पाइप लागतो; ब्रेकचं तेल त्यातून जातं. असे तीन पाइप, दोन पुढं आणि एक मागं. वरून बघितले तर तिन्ही नव्या चपलेसारखे चकचकीत. मला उगाच अभिमान वाटला. मग त्यानं बायडाबाईला पेडल दाबायला सांगितलं आणि मला म्हणाला, "वाकून बघा." बघितलं, तर पाइप बेडकाच्या गळ्यागत फुगला. तिनं पाय काढला, बसला. दाबला, फुगला. मामा, ह्या फुग्याच्या भरवशावर मी दोन वर्षं फिरतोय.

बाबालालनं पाइप हुंगला आणि विचारलं, "ह्येला त्याल कुणी लावलं?" गाडी माझ्या हवाली करताना तुम्ही काय सांगितलं होतं ते तुम्हाला आठवत असेल. जित्राबागत जप, बेंदराला बैलाच्या शिंगांना लावतो तसं दर अमावास्येला सगळ्या रबराला शेंगतेल चोळ. तुम्ही आठ वर्षं चोळलं, मी दोन वर्षं चोळलं. (खंडेनवमीला मी हळदही घातली, ती माझी भर.) बाबालाल म्हणतो, तेलानं रबर वरून चमकतं आणि आतून सडतं. मी तुमचं नाव घेतलं नाही. बायडाबाईलाही अजून सांगितलेलं नाही. वडीलधाऱ्यांची अब्रू आहे, आणि तुमचीही मला भीती वाटते.

तिन्ही पाइप नवे घातले. मग आत शिरलेली हवा काढायची. त्यासाठी एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकामागचं निप्पल सैल करून हवा बाहेर सोडायची, आणि ते आवळेपर्यंत पाय तसूभर हलवायचा नाही. हे सोपं काम मला दिलं. पण निप्पल सैल केलं की पेडल आपोआप खाली जातं, अगदी त्या सोमवारसारखं. मला आंबा घाट दिसला आणि मी पाय वर घेतला. हवा परत आत. असं चार वेळा झालं. बाबालालनं पान्हा खाली ठेवला आणि तंबाखू काढली. शेवटी बायडाबाई बसली. धर म्हटलं की धरते, सोड म्हटल्याशिवाय सोडत नाही. (मला हे लग्नापासून माहीत आहे.) दहा मिनिटांत काम झालं.

आता ब्रेक असा लागतो की पुढं बसलेला माणूस काचेला नमस्कार करतो. तरी येताना मी प्रत्येक विजेच्या खांबाला दाबून बघितला, आणि मागच्या सायकलवाल्या गवळ्यानं माझ्या सात पिढ्या काढल्या. पाइप तिन्ही बदलले, मामा, पण पाय तोच आहे. बाकी सर्व क्षेम. मामींना नमस्कार, रेडीला गोंजारणे.

तुमचा भित्रा पण आज्ञाधारक,
कृष्णात

ता.क. तुमचा गुडघा दुखतो असं घरात सांगा आणि जत्रा पुढच्या वर्षावर टाका. मी नको म्हटलं तर मी घाबरट ठरेन, तुम्ही म्हटलं तर नुसता गुडघा ठरेल. एवढ्यासाठीच पत्र लिहिलं.

ता.क. २. वाचून चुलीत घालावे. बायडाबाईच्या कानावर जाता कामा नये.

ता.क. ३. पाकीट चिकटवायला खळ आणायला आत गेलो, तेवढ्यात बायडाबाईनं पत्र वाचलं. पहिल्या ओळीपासून वाचलं. तिनं सांगितलंय तसं लिहितो. जत्रा होणार. गाडी ती चालवणार. (लायसन आम्ही दोघांनी बरोबरच काढलं; तुम्ही रागवाल म्हणून तिचं कळवलं नव्हतं. ती पहिल्या खेपेला पास झाली, मी चौथ्या.) मी मागं हौद्यात मामींशेजारी बसणार, तोंड मलकापूरकडं करून. पुढं तिच्या शेजारची जागा तिनं तुमच्यासाठी राखून ठेवली आहे. शेंगतेलाचं काय ते आबांना (म्हणजे तुम्हाला) घाटात विचारते, म्हणाली.