बाकावर तरी बसव

११ मार्च, रविवार दुपार

प्रिय लंबू,

अनेक आशीर्वाद. तुझी तब्येत ठीक असेल, टीम जिंकत असेल आणि तुझा तो लॅपटॉप पूर्ण चार्ज झालेला असेल, अशी आशा करते. भांडणाआधी विचारपूस करावी, हे कॉन्व्हेंटात सिस्टरांनी पट्टी मारून शिकवलंय. झाली विचारपूस.

परवा कॉलेजात येऊन तुझ्या ऑफिसात जे बोलले, त्यातलं एक अक्षर मागे घेत नाही. 'भेंडी मोडून बघतात तशा पोरी निवडतेस' म्हणाले, ते खरंच आहे. 'तुला मी खेळाडू केलं आणि तू कारकून निघालीस' हे जरा जास्त झालं. जास्त झालं एवढंच, चूक नाही. तुझ्या असिस्टंटसमोर मात्र बोलायला नको होतं. ती बिचारी चहा घेऊन दारातच थिजली.

तुझं म्हणणं मी ऐकून घेतलं, हे विसरू नकोस. "बाई, तुमची नात म्हणून दोन सामने जास्तच खेळवली. पण नेम गेला, उडी गेली, वर न सांगता आठवडाभर दांडी. टीममधून काढू नको तर काय करू? आकडे खोटं बोलत नाहीत."

"पोरीला विचारलंस का, काय झालं म्हणून?"

"पंधरा जणी आहेत, बाई. कोणाकोणाला काय काय विचारू?"

माझ्याकडेही पंधराच असायच्या. तुझ्यासारखं मोजायचं यंत्र नव्हतं. सामन्याआधी मी तुम्हाला बुटाच्या नाड्या बांधताना बघत बसायचे. घाईत बांधणारी घाबरलेली असायची. सोडून पुन्हा बांधणारीच्या घरी काहीतरी बिनसलेलं. बांधता बांधता शेजारणीला चिमटा काढणारी त्या दिवशी खेळणार. तुम्ही माझ्या नकला करायचात, माहीत आहे मला. पण फायनलला तुला सुरुवातीला बाकावर बसवलं आणि शेवटी उतरवलं, ते नाड्या बघूनच. बाबांची नोकरी गेल्याचं तू मला नंतर सांगितलंस. काहीतरी आहे, एवढं मला आधीच कळलं होतं.

तर ते असो.

मग तू स्क्रीन माझ्याकडे वळवलीस. पोरींच्या पाठीवर बांधता त्या डबीनं मोजलेली उडी. निळी रेघ. सहामाहीच्या सुट्टीपर्यंत चांगली वर, आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या सरावापासून खाली खाली. "बघा बाई, इथून," म्हणत तू बोट ठेवलंस. मी बघितलं आणि पर्स उचलून निघाले. जाताना तुझ्या खुर्चीला नावं ठेवली, पंख्यालाही ठेवली. तुला वाटलं असेल, म्हातारी हरली म्हणून चिडली.

तसं नव्हतं. आता लिहायलाच हवं.

माझी लेक गेली. गेल्या महिन्यात. नातीची आई. तू तिला एकदोनदा पाहिलंयस; चेंडू जवळ आला की डोक्यावर हात घेऊन खाली बसायची ती. एकुलती. पोरीची ती आठवडाभराची दांडी म्हणजे आम्ही दोघी तिच्या गावी होतो. पोरीनं तुला सांगितलं नाही. मीही ऑफिसात सांगितलं नाही, कारण नातीला दयेवर जागा नको होती. शिवाय ते वाक्य तोंडातून निघत नाही अजून. भाजीवाल्याला सांगता आलं, तुला नाही आलं.

आजार बरेच महिने होता. मला कळवलं शेवटच्या आठवड्यात. नात माझ्याकडे राहून शिकते; सहामाहीच्या सुट्टीत आईकडे गेली, तेव्हा औषधांनी आईचे केस गेलेले तिनं बघितले. आईनं शपथ घातली, आजीला सांगायचं नाही, तिचं बीपी. पोरीनं शपथ पाळली. रोज रात्री माझ्यासमोर जेवली. मी विचारायचे, "आई कशी आहे?" ती म्हणायची, "मजेत." मी म्हणायचे, "सरावानं दमतेस गं, दोन घास जास्त खा." रोज सकाळी दारात बसून ती नाड्या बांधायची आणि तिथंच, हाताच्या अंतरावर, मी वर्तमानपत्र वाचत असायचे.

म्हणजे बघ. तुझ्या डबीला कळलं होतं. मला नाही.

तुझं बोट त्या रेघेवरून खाली येत होतं ना, ते माझ्या लेकीच्या आजारपणावरून येत होतं. तुला ते माहीत नव्हतं. मला तिथं, त्या क्षणी कळलं. तरी तुला माफ केलेलं नाही हं. तुला दिसत होतं, तर तोंड उघडायचं होतंस.

आता आम्ही दोघी घरात एकमेकींसाठी धीट आहोत. तिला रडायचं असलं की ती न्हाणीघरात नळ सोडते. मी टीव्हीचा आवाज वाढवते. माझ्यापासून लपवायची तिला इतकी सवय लागलीय, की लपवायला काही उरलं नाही तरी लपवतेच. तिचे बूट कपाटावर जाऊन बसलेत. कॉलेजला जाते, येते, भिंतीकडे तोंड करून पडते.

सामन्यात उतरव म्हणत नाही. उडी खरंच गेलीय. मीसुद्धा उतरवलं नसतं. पण मी तिला बाकावर ठेवलं असतं, लंबू. घरी पाठवलं नसतं. बाकावर निदान शेजारी कोणीतरी असतं.

तिला बोलाव. आजीनं सांगितलं म्हणू नकोस. डबी बिघडलीय, पुन्हा मोजायचंय म्हण, हवं ते खोटं बोल. आली की लगेच चेंडू हातात देऊ नकोस. शेजारी बस आणि विचार. ती म्हणेल, "काही नाही, मॅडम." तेव्हा उठू नकोस. मी दर वेळी तिथंच उठले, ताटं आवरायला.

आता कोणाचीच आई नसलेली,
तुझी बाई